ग्रामआरोग्य कार्यकर्ता

गावातच राहणाऱ्या, वैद्यकाची पदवी नसलेल्या, परंतु मर्यादित व निश्चित स्वरूपाचे प्रशिक्षण घेऊन गावकऱ्यांना रोगप्रतिबंधक व प्राथमिक उपचारांची सेवा देणाऱ्या व्यक्तीस ग्रामआरोग्य कार्यकर्ता म्हणतात. आजारी माणसाने प्रथम डॉक्टर गाठावा व मग त्याला उपचार मिळावेत, हा शहरी वैद्यकसेवेचा क्रम होय. ग्रामआरोग्य कार्यकर्त्यामुळे तो बदलतो. रुग्णाचा पहिला संबंध शेजारच्या घरातील प्रशिक्षित व्यक्तीशी येतो, साधा आजार तेथेच हाताळला जातो आणि अवघड आजार ओळखून त्याला उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र वा रुग्णालय अशा वरच्या पायरीकडे पाठविले जाते. ही व्यवस्था कोणत्या गरजेतून निर्माण झाली, तिच्यासंबंधी कोणते वाद झाले आणि महाराष्ट्रात तिचे कोणते प्रयोग झाले, यांचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

पूर्वपीठिका : पदवीधर डॉक्टरविना चालणारी सेवा खेड्यांना नवी नव्हती. बाळंतपण सुईण करी, मोडलेले हाड हाडवैद्य बसवी, जडीबुटी वैदू देई आणि किरकोळ दुखण्यांवर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे काढे व लेप चालत. या मंडळींचे ज्ञान परंपरागत होते व त्यांच्यावर लोकांचा विश्वासही होता; तथापि जंतुसंसर्गाची कल्पना त्यांना नसल्यामुळे बाळंतरोग, धनुर्वात यांसारख्या रोगांपुढे ती हतबल असत.

आधुनिक वैद्यकाचा खेड्यात प्रथम प्रवेश झाला तोही डॉक्टरांमार्फत नव्हे. जेनर यांनी १७९६ मध्ये शोधलेली देवीची लस मुंबईस १८०२ मध्ये पोहोचली आणि त्याच वर्षी १४ जून रोजी एका तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. पुढे मुंबई इलाख्यात गावोगाव हिंडून लस टोचण्याचे काम पगारी टोचणीदारांकडे आले. त्यांपैकी बहुतेकांजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. तरीही लोक त्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणूनच ओळखत. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५८ पासून, हिवताप निर्मूलन कार्यक्रमात घरोघर जाऊन तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणारा व लगेच क्लोरोक्वीनच्या गोळ्या देणारा कर्मचारी हेही याच परंपरेतील उदाहरण होय. रोगनिदान पक्के होण्याआधी व डॉक्टरांनी तपासण्याआधी औषध देण्याची ही पद्धत शासनानेच ठरवून दिली होती. मात्र टोचणीदार किंवा हिवताप कर्मचारी एका रोगापुरताच येई आणि निघून जाई. गावाच्या सर्वसाधारण आजारांशी त्याचा संबंध नसे.

पदवीचा प्रश्न : मुंबई वैद्यक अधिनियमाने १९१२ मध्ये आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू झाली. त्या काळी पदवीधरांखेरीज कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले परवानाधारक वैद्यकही असत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने आपला अहवाल १९४६ मध्ये सादर केला, तेव्हा देशात सु. ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते व त्यांपैकी सु. ३०,००० परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने परवानाधारकांचा अभ्यासक्रम बंद करून सर्व देशात एकाच दर्जाचा पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करण्याची शिफारस केली. डॉक्टरांची टंचाई लक्षात घेता निदान काही काळ परवानाधारकांचे शिक्षण चालू ठेवावे, असे काही सदस्यांचे मत होते व त्यांनी ते भिन्नमतपत्रिकेद्वारे नोंदविले.

याच सुमारास दुसरा एक विचारही पुढे आला होता. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. दर एक हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, ही कल्पना राष्ट्रीय नियोजन समितीने १९४० मध्ये मान्य केली. स्वातंत्र्यानंतर मात्र भोर समितीचाच मार्ग स्वीकारण्यात आला. समाजविकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या वाढली. पण तेथून बाहेर पडणारे पदवीधर बहुतांशी शहरांतच स्थायिक झाले. वैद्यकाचा दर्जा राखला गेला, तरी खेड्यातील आजारी माणूस व पदवीधर डॉक्टर यांतील अंतर कायम राहिले. ही पोकळी रिकामी राहिली नाही. कोणतेही रीतसर शिक्षण नसलेले, सुई टोचणारे व्यावसायिक तेथे शिरले.

अन्य देशांतील प्रयोग : रशियात सैन्यातील मलमपट्टी करणाऱ्यांपासून ‘फेल्डशर’ हा मध्यम दर्जाचा वैद्यक वर्ग उदयास आला व १८६४ नंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या काळात तो ग्रामीण आरोग्यसेवेचा आधार बनला. चीनमध्ये १९३० नंतरच्या दशकात डिंगशिआन परगण्यात चेन जृ-च्येन यांनी शेतकऱ्यांनाच लस टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे व साधे उपचार करणे ही कामे शिकविली. पुढे १९६५ नंतर तेथे ‘अनवाणी डॉक्टरां’ची योजना देशभर पसरली. शेतीचे काम करीत आरोग्यसेवा देणाऱ्या अशा कार्यकर्त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक झाली होती. त्यांचा खर्च सामुदायिक शेतीसंस्थांच्या उत्पन्नातून भागत असे. या संस्था मोडल्यावर योजनेचा आर्थिक आधारच गेला आणि १९८५ मध्ये ते नामाभिधानही रद्द झाले. कार्यकर्त्याचे मानधन कोणी द्यावयाचे, हा प्रश्न किती निर्णायक असतो, याचे हे मोठे उदाहरण होय.

डॉक्टरांचे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती सुरक्षितपणे देता येते, याचा ठळक पुरावा भारतातच मिळाला. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी तोंडावाटे पाजविले. सु. ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ४ टक्क्यांहूनही कमी झाले. अतिसारावरील जीवरक्षक उपचार आईच्या हाती आला, तो येथून.

महाराष्ट्रातील प्रयोग : डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणप्रवण भागात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका ठेवावयाची, अशी त्यांची मूळ योजना होती. ती यशस्वी झाली नाही. बाहेरून आलेली तरुण परिचारिका गावात एकटी राहण्यास कचरे आणि गावकऱ्यांनाही ती परकी वाटे. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रीला शिकवावे, असा विचार पुढे आला. या स्त्रिया बहुधा मध्यम वयाच्या, निरक्षर वा अल्पशिक्षित होत्या आणि त्यांतील अनेक दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, मागील आठवड्यातील रुग्णांविषयी चर्चा करीत, नवा विषय शिकत आणि परत जाऊन तो गावातील स्त्रियांना सांगत.

गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे वजन, अतिसारावर मीठसाखरपाणी, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षय व कुष्ठ यांच्या रुग्णांचा पाठपुरावा ही त्यांची मुख्य कामे होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेले अर्भकमृत्यूंचे प्रमाण १९७६ मध्ये ५२ पर्यंत उतरले. हा बदल केवळ औषधांनी झालेला नव्हता. दुष्काळात कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीजवळ घेतल्या गेल्या व सर्व गाव तेथे पाण्यास येऊ लागले. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी पूर्वी चालत नसे, तिच्या हातून सवर्णांच्या घरची बाळंतपणे होऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवांवरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

याच दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू येथे, डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा येथे, तर डॉ. पी. एम. शहा यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कासा येथे स्थानिक कार्यकर्त्यांवर आधारलेले प्रकल्प चालविले. त्यांतील तपशील भिन्न असले, तरी एक निष्कर्ष समान होता. खेड्यातील बहुसंख्य आजार थोडे असतात, वारंवार येतात आणि त्यांवरील उपचार शिकविता येतात; परंतु शिकविण्याचे काम एकदाच करून भागत नाही.

१९७७ ची योजना : करतारसिंग समितीने १९७३ मध्ये एकेका रोगापुरत्या कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय आरोग्यसेवक नेमण्याची शिफारस केली. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये त्यापुढे जाऊन समाजातूनच निवडलेल्या अर्धवेळ कार्यकर्त्यांचा पुरस्कार केला. त्यानुसार केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी लोकआरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. दर हजार लोकवस्तीस एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा २०० रु. विद्यावेतन, नंतर दरमहा ५० रु. मानधन आणि तेवढ्याच किमतीची औषधे, असे तिचे स्वरूप होते. पुढील वर्षी, १९७८ च्या सप्टेंबरात, सोव्हिएट संघातील आल्मा-आता येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत केला व २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, हे ध्येय मांडले. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांना महत्त्वाचे स्थान देण्यात आले होते.

जामखेडसारख्या प्रयोगांची पद्धत शासकीय योजनेत उतरताना मात्र तिचे सत्त्व बरेचसे हरपले. निवड गावाने करावयाची होती, ती अनेक ठिकाणी सरपंच व वजनदार मंडळींनी केली. निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते. त्यामुळे गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यापर्यंत सेवा पोहोचली नाही. औषधांचा पुरवठा अनियमित होता, पुनःप्रशिक्षण क्वचितच होई आणि पाठविलेल्या रुग्णाची वरच्या केंद्रात दखल घेतली जाईलच, याची शाश्वती नसे. योजनेचे नाव दोनदा बदलले : १९८० मध्ये कार्यकर्त्यास ‘स्वयंसेवक’ व १९८१ मध्ये ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ म्हटले जाऊ लागले. तो शासनाचा नोकर नव्हे, हे दर्शविण्याचा हेतू त्यामागे होता. मानधनवाढीच्या मागण्या, न्यायालयीन दावे व निधीची कपात यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस ही योजना निष्प्रभ झाली.

गडचिरोलीतील संशोधन : कार्यकर्त्यांच्या हाती किती उपचार सोपवावेत, या प्रश्नाला शास्त्रीय कसोटी लावण्याचे काम डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेद्वारे केले. लहान मुलांच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया होते. मूल मिनिटाला किती वेळा श्वास घेते, हे मोजून न्यूमोनिया ओळखता येतो. पण निरक्षर सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार करण्यात आले. गावातील कार्यकर्ते व सुईणी यांनी रोग ओळखून प्रतिजैविक द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. सेवा दिलेल्या ५८ गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या ४४ गावांतील प्रमाणाच्या निम्म्याहून कमी आढळले. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढील प्रयोग नवजात बालकांविषयी होता. बाळंतीण व बाळ घराबाहेर काढण्याची रीत नसल्यामुळे पहिल्या महिन्यात आजारी पडलेले मूल रुग्णालयात पोहोचतच नसे. म्हणून ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडलेल्या स्त्रियांना जन्मापासून २८ दिवसांपर्यंत घरी जाऊन बाळाची तपासणी करणे, ऊब व स्तनपान यांविषयी मार्गदर्शन करणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे आणि जंतुदोष झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकविण्यात आले. येथे दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सु. २५ पर्यंत खाली आले. तुलनेच्या गावांतील बदल जमेस धरता ही घट ६२ टक्के ठरते. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत केंद्र शासनाने २०११ मध्ये देशभरासाठी स्वीकारली. त्या वेळी एक महत्त्वाचा फरक करण्यात आला. गृहभेटी गावातील कार्यकर्तीकडे राहिल्या, इंजेक्शन मात्र तिच्याकडे आले नाही. विशिष्ट परिस्थितीत ते देण्याची मुभा २०१४ मध्ये साहाय्यक परिचारिका प्रसाविकेला देण्यात आली.

आशा : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ मध्ये ‘आशा’ ही कार्यकर्ती निर्माण झाली. छत्तीसगढमध्ये २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मितानीन’ कार्यक्रमाचा अनुभव तिच्यामागे होता. आशा ही स्त्रीच असावी, त्याच गावची असावी व साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक असावी, हे नियम १९७७ च्या योजनेतील उणिवा ओळखून केलेले दिसतात. प्रसूती रुग्णालयात होण्यासाठी गरोदर स्त्रीस सोबत करणे, लसीकरणास मुले जमविणे, गृहभेटी, क्षयरुग्णांस औषधे देणे, ताप व अतिसार यांवर प्रथमोपचार इ. कामे तिच्याकडे आहेत. तिला वेतन नसून प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो. त्यामुळे ज्या कामांना मोबदला आहे, ती पुढे येतात व रात्री दारात आलेल्या आजारी मुलाकडे पाहणे यासारखी हिशेबात न बसणारी कामे मागे पडतात, असा आक्षेप घेतला जातो. कोव्हिड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, महाराष्ट्रातील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर जाऊन पाहणी करण्याचा भार बऱ्याच अंशी आशांनी उचलला. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांनी २०२१ व २०२३ मध्ये संप केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातील आशांचा सन्मान केला.

उपकेंद्र हे आरोग्यव्यवस्थेतील कार्यकर्तीच्या लगतचे ठिकाण होय. सपाट प्रदेशात ५,००० व आदिवासी आणि डोंगराळ प्रदेशात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, असे त्याचे प्रमाण ठरले आहे. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून तेथे सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात या पदावर प्रामुख्याने प्रशिक्षण दिलेल्या आयुर्वेद पदवीधरांची नेमणूक झाली. मधुमेह व उच्च रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन विकारांच्या रुग्णांना नेहमीची औषधे डॉक्टरांकडे न जाता गावाजवळ मिळावीत, हा त्यामागील एक हेतू आहे.

कायदा व वाद : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील ‘के’ अनुसूचीनुसार शासकीय कार्यक्रमात ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांनी पुरविलेल्या औषधांना विक्रीपरवान्याच्या अटींतून सूट देण्यात आली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ याच्या ३२ व्या कलमाने पदवीधर डॉक्टर नसलेल्या समाज-आरोग्य सेवादात्यांस मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा देशभर डॉक्टरांनी संप केला. ग्रामीण जनतेस दुय्यम दर्जाची सेवा देणे अन्यायाचे आहे, अपुरे ज्ञान असलेली व्यक्ती गंभीर रोग ओळखू शकणार नाही व प्रतिजैविकांचा गैरवापर वाढेल, हे विरोधकांचे मुख्य मुद्दे होत. समर्थकांच्या मते तुलना पदवीधर डॉक्टराशी करणे योग्य नाही. खेड्यातील रुग्णापुढे प्रत्यक्षात असलेले पर्याय म्हणजे भोंदू व्यावसायिक किंवा काहीच नाही. १९४६ च्या भिन्नमतपत्रिकेतील वाद असा सात दशकांनंतरही शिल्लक होता.

मूल्यमापन : दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु महाराष्ट्रातील प्रयोगांचा इतिहास पाहता पदवी असणे वा नसणे हा एकच निर्णायक घटक ठरत नाही. जामखेडच्या निरक्षर स्त्रिया व गडचिरोलीच्या सुईणी यांच्या हातून अर्भकांचे प्राण वाचले, तर १९७७ च्या योजनेतील अधिक शिकलेले कार्यकर्ते निष्प्रभ ठरले. पहिल्या दोन ठिकाणी निवड विश्वासावर आधारलेली होती, प्रशिक्षण अखंड चालू होते, ठरावीक औषधे वेळेवर मिळत होती, कामाची नियमित तपासणी होत होती आणि कार्यकर्तीच्या मागे तिचा शब्द मानणारे रुग्णालय होते. यांतील एकेक दुवा तुटला, की तिच्याजवळ केवळ रिकामी पेटी उरते. कार्यकर्तीने डॉक्टरची गरज नाहीशी होत नाही; डॉक्टरची खरी गरज कोणाला व केव्हा आहे, हे ती वेळेवर ओळखते. हे ओळखण्यास तिला शिकविले न गेल्यास किंवा तिने पाठविलेला रुग्ण घेण्यास वर कोणी नसल्यास, ही व्यवस्था गरिबांची स्वस्तात केलेली बोळवण ठरते. उलट, तिच्यामागे सर्व आरोग्ययंत्रणा उभी राहिल्यास दुर्गम पाड्यातील नवजात बालकासही रुग्णालयाबाहेर जगण्याची संधी मिळते, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे.